सांगणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा करार



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावातल्या माणसांनी एकत्र बसून चार विचार ऐकावेत, ही रीत तेव्हापासून महाराष्ट्रात पडली, आणि ती गोदावरीच्या व मांजरेच्या काठीही रुजली. यंदा चालकांनी मला विषय दिला तो 'वाङ्मयप्रकार आणि कथेचे घटक' असा. पदवीच्या पहिल्या वर्षाला मराठी घेतलेली पुष्कळ मुलेमुली आज समोर बसली आहेत आणि त्यांच्या अभ्यासक्रमात हा भाग आहे, म्हणून ही योजना. विषय प्राध्यापकाचा आणि वक्ता हमाल-मापाड्यांच्या व गिरणी कामगारांच्या युनियनचा, हे पाहून काहींना नवल वाटले असेल. मी कॉलेजात शिकलेलो नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि नांदेड-लातूरच्या एस. टी. गाडीत वाचले. असे असूनही हा विषय मला परका वाटत नाही. तो का वाटत नाही, तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम पाठ्यपुस्तकात काय असते ते पाहू. आरंभी वाङ्मयाचे प्रकार सांगितलेले असतात: कविता, कथा, कादंबरी, नाटक, एकांकिका, निबंध, चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन. मग कथेचे घटक येतात: कथानक, पात्रे, वातावरण, संघर्ष, संवाद, निवेदन, भाषाशैली. प्रत्येकाची व्याख्या, व्याख्येखाली एकदोन उदाहरणे, आणि परीक्षेला त्यावर टीपा. मुले टीपा पाठ करतात. कादंबरीचा पट विस्तृत असतो, कथा एका अनुभवाभोवती फिरते, नाटक पाहावयाचे असते, ही वाक्ये खोटी नाहीत. पण ती पाठ करून झाल्यावर माणसाला एखादी कथा अधिक कळू लागते काय? मोंढ्यात पोत्यावर चिठ्ठी लावली म्हणजे आत तूर आहे की हरभरा, एवढे समजते. तूर कोणत्या रानात पिकली, तिला पाऊस किती मिळाला, ती कोणाच्या कर्जापोटी इतक्या घाईने बाजारात आली, हे चिठ्ठी सांगत नाही. व्याख्यांचे तसेच आहे. नावामागचा व्यवहार समजून घेतला, तर व्याख्या वेगळी पाठ करावी लागणार नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. वाङ्मयप्रकार हा सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातला एक करार असतो. मी तुम्हांला काय देणार, तुम्ही माझ्याकडे काय मागू शकता आणि काय मागू नये, हे त्या कराराने ठरते. कथेचे घटक म्हणजे त्या कराराची कलमे. कामगारांच्या करारात पगाराचे कलम असते, रजेचे असते, सुरक्षिततेचे असते. तसे कथेच्या करारात कोण बोलणार, कोठे घडणार, कोणाचे कोणाशी भांडण, याची कलमे असतात.

हा करार आपल्या लोकांना विद्यापीठाने शिकविलेला नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जा. तमाशाच्या फडावर गण झाला, गवळण झाली, बतावणी झाली, की आता वग उभा राहणार, हे सर्वांत पुढे बसलेल्या पोरालाही ठाऊक असते. बतावणीत सोंगाड्याने राजाची टिंगल केली तर कोणी रागावत नाही, कारण तेथे ती सूट आहे. त्याच यात्रेत वाघ्या-मुरळी जागरण घालतात. खंडोबा आणि बाणाईची कथा तेथेही रंगते, हशाही पिकतो, पण ऐकणारा देवापुढे बसला आहे हे तो विसरत नाही. माहूरच्या रेणुकेचा गोंधळी संबळाच्या ठेक्यावर आधी देवदेवतांना बोलावतो आणि मगच आख्यान लावतो. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, हे निरक्षर म्हातारीलाही कळते. श्रावणातल्या कहाणीत आटपाट नगर कोणत्या तालुक्यात येते, असे कोणी विचारीत नाही. आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात शेताची चतुःसीमा चुकली तर कोणी सोडीत नाही. कहाणीकडे चतुःसीमा मागावयाची नाही आणि पंचनाम्याकडे पुण्य मागावयाचे नाही, एवढी समज ज्याला आहे त्याला वाङ्मयप्रकाराचे मर्म कळलेले आहे. अभ्यासक्रमाने त्याला फक्त नावे पुरवावयाची आहेत.

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून एकच घटना घेऊन पाहू. समजा, मोंढ्यात तुरीच्या कट्ट्यांची थप्पी कोसळली आणि तिच्याखाली एका हमालाचा पाय गेला.

पहिला कागद होईल तो पंचनामा. थप्पी किती कट्ट्यांची, भिंतीपासून किती फुटांवर, वेळ कोणती, पंच कोण. 'फार वाईट झाले' हे वाक्य त्यात चालणार नाही, मग ते कितीही खरे असो. दुसरा कागद आमच्या युनियनचे मागणीपत्र. त्यात घटना थोडी आणि हक्क अधिक: १९६९ चा माथाडी कायदा, नुकसानभरपाई, थप्पीच्या उंचीला मर्यादा. मागणीपत्रात कोणी, काय, केव्हापर्यंत द्यावयाचे हे नेमके लिहावे लागते. तेथे मोघम लिहिणारा आपल्याच माणसांचे नुकसान करतो. तिसरी वर्तमानपत्रातली बातमी. ती पहिल्याच वाक्यात सारे सांगून मोकळी होते, आणि जागा कमी पडली तर तिचे शेवटचे वाक्य कापले तरी बिघडत नाही. चौथा पोवाडा. शाहीर त्या हमालाला वीर करील, आणि ऐकणाराही तीच अपेक्षा धरून बसलेला असतो. पोवाड्यात वीर नसेल तर डफावर थाप कशासाठी मारावयाची?

पाचवी कथा. कथाकार कदाचित थप्पी कोसळताना दाखविणारच नाही. तो संध्याकाळी त्या हमालाच्या घरी जाईल. बायको नेहमीप्रमाणे चुलीवर पाणी तापवीत आहे. निरोप घेऊन आलेला जोडीदार उंबऱ्याशी उभा राहून पावसाचे बोलत आहे, आणि मधूनच त्याची नजर खुंटीवरच्या सदऱ्याकडे जाते आहे. बाई म्हणते, बसा, येतीलच ते. कथा तेथेही थांबू शकेल. कट्टे किती होते, हे तिने सांगितले नाही आणि आपण विचारलेही नाही. पंचनाम्याने जे टाकले ते कथेने उचलले, आणि पंचनाम्याने जे नोंदले ते कथेने बहुतेक टाकून दिले.

हे पाचही खरे असू शकतात, पण प्रत्येकाचे खरेपण वेगळ्या मापाने मोजावे लागते. पोवाड्याच्या भाषेत मागणीपत्र लिहिले तर कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर ते बाजूला पडेल, आणि मागणीपत्राच्या भाषेत पोवाडा रचला तर गेटवर जमलेली माणसे घरी जातील. पायलीचे माप घेऊन कापड मोजता येत नाही, यात कापडाचा दोष नाही.

प्रकार ओळखता न येणे माणसाला किती महाग पडते, तेही सांगतो. आमच्या भागातल्या एका कारखान्यात एका कामगाराकडून रजेचा अर्ज म्हणून सही घेण्यात आली. तो कागद निघाला राजीनाम्याचा. तो माणूस सातवी शिकलेला होता. शब्द त्याला वाचता येत होते. मात्र 'मी माझ्या खुशीने' अशा शब्दांनी सुरू होणारा कागद कोणत्या जातीचा असतो, हे त्याला कोणी शिकविलेले नव्हते. रजेचा अर्ज काही मागतो आणि राजीनामा काही सोडून देतो. त्याने शब्द वाचले; हा कागद आपल्याकडून काय घेणार आहे, हे वाचले नाही. मित्रहो, म्हणून मी म्हणतो की वाङ्मयप्रकाराची ओळख ही चैन नाही. हा कागद मला काय देऊ करतो आणि माझ्याकडून काय घेतो, असे विचारण्याची सवय ज्या मुलीला कथा वाचताना लागेल, ती उद्या बँकेच्या कागदावर सही करतानाही तसेच विचारील.

आता कलमांकडे, म्हणजे घटकांकडे वळू. उदाहरणे आपल्याच मुलखातली घेतो, कारण ती शेजारच्या घरासारखी तपासून पाहता येतात.

भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. बाप आणि मुलगा टोमॅटो घेऊन बाजाराला जातात. भाव पडलेले आहेत, गिऱ्हाईक घासाघीस करते, आणि अखेर मुलाच्या डोळ्यांदेखत बाप स्वतः पिकविलेला माल पायांखाली तुडवितो. घटना एवढीच. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर याने १९२७ साली गोष्ट आणि कथानक यांत एक भेद केला. एकामागून एक काय झाले, ही गोष्ट. ते कशामुळे झाले याने बांधलेली ओळ, ते कथानक. बाजार भरला, भाव पडले, माल तुडविला, ही झाली गोष्ट. भाव पडला म्हणून मालाची अवहेलना, अवहेलनेमुळे घामाची लाज, आणि ती लाज पोटात मावेना म्हणून माल पायाखाली, हे झाले कथानक. 'आणि मग' असे म्हणत जाणारा गोष्ट सांगतो; 'म्हणून' असे म्हणणारा कथानक रचतो. ॲरिस्टॉटलने शोकनाट्याच्या अंगांत कथानकाला पहिला मान दिला, तर आपल्या भरतमुनींनी इतिवृत्ताला नाट्याचे शरीर म्हटले आणि आरंभापासून फलागमापर्यंत त्याच्या पाच अवस्था सांगितल्या. भरताच्या योजनेत प्रयत्न करणाऱ्याच्या हाती अखेर फळ येते. चंदनशिवांच्या कथेत ते त्याच्या पायाखाली जाते. जुनी योजना ठाऊक असली म्हणजे नव्या कथेने ती कोठे मोडली हे दिसते, आणि मोडण्याचे कारणही दिसते.

याच कथेवरून वातावरण या घटकाची परीक्षा घेता येईल. एक सोपी कसोटी सांगतो. कथेतली जागा काढून दुसरी घाला. कथा तशीच उभी राहिली तर ती जागा नुसती सजावट होती. 'लाल चिखल'मधून बाजार काढा, काहीच उरत नाही. जो माल रानात पोरासारखा वाढविला, त्याची किंमत चारचौघांत, परक्याच्या तोंडून ऐकावी लागते, हे फक्त बाजारातच घडते. तेथे जागा हीच अर्धी कथा आहे.

निवेदनाचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोण सांगतो? आमच्या कामात हा प्रश्न रोज पडतो. चौकशीत साहेबाने सांगितलेली हकीकत आणि कामगाराने सांगितलेली हकीकत यांत तारीख व वेळ एकच असते, पण घटना निराळी होते. लातूर तालुक्यातल्या काटगावचे रा. रं. बोराडे (१९४०–२०२५) यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ साली आली. गंगाराम शिंप्याच्या घराची ती कहाणी आहे, आणि ती सांगते त्याची बायको पार्वती, मराठवाड्याच्या बोलीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हेच घर एखाद्या सर्वज्ञ लेखकाने प्रमाण मराठीत वर्णिले असते, तर आपल्याला गावचे राजकारण अधिक कळले असते आणि घर कमी कळले असते. गावच्या बैठकीत काय ठरले, ते पार्वतीला दिसत नाही. बैठकीहून परतलेल्या नवऱ्याचा चेहरा तिला दिसतो. तिला जेवढे कळते तेवढेच आपल्याला कळते, आणि म्हणून तिची धास्ती आपल्याही छातीत बसते. बोली ही तेथे रंग भरण्यासाठी आलेली नाही. पार्वतीने प्रमाण भाषेत बोलावयास सुरुवात केली तर पार्वतीच नाहीशी होईल.

पात्रे आणि संघर्ष यांसाठी येथल्या पीपल्स कॉलेजात ज्यांनी अध्यापन केले त्या दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा' हे नाटक घ्या. काका जुन्या आंबेडकरी पिढीचे, सतीश प्राध्यापक, अर्जुन तरुण आणि उतावळा. तिघेही एकाच चळवळीचे. त्यांच्यात खलनायक शोधू गेलात तर सापडणार नाही. संघर्ष म्हणजे सज्जन आणि दुर्जन यांची मारामारी, असे सिनेमाने आपल्याला शिकविले आहे. ज्याने कधी संघटना चालविली आहे, त्याला विचारा. मालकाशी भांडण सोपे असते. अवघड असते ते आपल्याच कार्यकारिणीतले, जेथे दोन्हीकडे प्रामाणिक माणसे बसलेली असतात. आणि हे भांडण नाटकाच्या रूपातच का यावे, तेही पाहण्यासारखे आहे. कादंबरीकार काकांच्या मनात शिरून त्यांची बाजू आपल्या शब्दांत मांडू शकतो. नाटककाराला ती सोय नाही. काकांना स्वतः बोलावे लागते, आणि तेही समोर अर्जुन उभा असताना. प्रत्येक वाक्याला तेथल्या तेथे उत्तर मिळू शकते, हे नाटकाच्या कराराचे मुख्य कलम होय.

येथे कोणी विचारील, करार म्हटला की तो कायमचा झाला काय? तसे नाही. कामगारांचे करार मुदतीने संपतात आणि नवे होतात, वाङ्मयाचेही तसेच. 'कादंबरी' हा शब्दच पाहा. ते बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथाचे आणि त्याच्या नायिकेचे नाव. मराठीने ते एका सबंध प्रकाराला दिले. उदगीरच्या पलीकडे कन्नडातही कादंबरीच म्हणतात, देगलूरच्या पलीकडे तेलुगूत मात्र नवल म्हणतात, हिंदीत उपन्यास. नाव राजवाड्यातले, पण बाबा पदमनजी यांनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले ते विधवांच्या हालांविषयी. पुढे या प्रकाराने इतकी वळणे घेतली की आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांना 'धार आणि काठ' या ग्रंथात मराठी कादंबरीची वाटचाल तपासावीशी वाटली.

करार समजून उमजून बदलणारा माणूस पाहावयाचा असेल तर अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) पाहावेत. पोवाडा, लावणी, वग, कथा, कादंबरी, प्रवासवर्णन, सारे त्यांनी हाताळले. तमाशाच्या गणात देवाच्या जागी त्यांनी श्रमिकांना वंदन केले. चौकट तीच ठेवली आणि आतला मान दुसऱ्याला दिला. 'माझी मैना' ही त्यांची छक्कड. मुंबईला आलेल्या कामगाराची घरधनीण गावी राहिली, तिच्या विरहाचे गाणे म्हणून ती सुरू होते. ऐकणारा प्रेमाच्या गाण्याची अपेक्षा धरून डोलू लागतो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की संयुक्त महाराष्ट्रापासून तुटलेल्या मराठी मुलखाचा विरह त्यात आहे. हेच कोणी प्रस्तावना करून भाषणात सांगितले असते तर लोकांनी टाळ्या वाजविल्या असत्या आणि विसरून गेले असते. जो प्रकार लोकांच्या ओठांवर होता, त्याच्या करारात त्यांनी एक नवे कलम घातले. जुने कलम माहीत असल्याशिवाय हे साधत नाही.

आता ज्या प्रश्नासाठी मी हा सारा प्रपंच मांडला, त्याकडे येतो. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे पुस्तक १९८७ साली आले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. लातूरच्या सूतगिरणीतल्या कामाचे आणि कामगार संघटनेचे दिवस त्यात आहेत, म्हणून आमच्या लोकांनी ते घरचे पुस्तक म्हणून वाचले. हे कोणत्या प्रकारचे पुस्तक? कोणी त्याला आत्मचरित्र म्हणतात, कोणी आत्मकथन, कोणी आत्मचरित्रात्मक कादंबरी. परीक्षेत यावर पाच गुणांची टीप येईल. मला मात्र हा पाच गुणांचा प्रश्न वाटत नाही.

हा वाद आपल्याकडे जुना आहे. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी भामहाने कथा आणि आख्यायिका यांत भेद सांगितला, तो असा की आख्यायिकेत नायक आपली हकीकत स्वतः सांगतो आणि कथेत ती दुसरे सांगतात. दंडीने हा भेद मानला नाही. कोणी का सांगेना, जात एकच, नावे दोन, असे त्याचे मत. शैलीपुरते पाहिले तर दंडीचे म्हणणे मला पटते. 'मी' म्हणून सांगितल्याने लिखाण आपोआप वेगळे होत नाही. पण 'उचल्या'च्या बाबतीत मी भामहाच्या बाजूने उभा राहीन. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविले. तो शिक्का कायद्यातून निघावयास १९५२ साल उजाडावे लागले, आणि लोकांच्या मनातून तो अजून पुरता निघालेला नाही. अशा जमातींची हकीकत तोवर कोण सांगत होते? फौजदार, पाटील, न्यायाधीश. म्हणजे सारे दुसरेच. 'उचल्या'त नायक स्वतः सांगतो. तेथे 'मी' हा व्याकरणातला सर्वनामाचा प्रकार राहत नाही. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला माणूस असतो.

म्हणून अशा पुस्तकाला कादंबरी म्हटले की काय होते, ते नीट पाहा. कादंबरीच्या करारात वाचक असे विचारीत नाही की हे खरोखर घडले काय. तो ती वाचतो, हळहळतो, लेखकाच्या प्रतिभेचे कौतुक करतो आणि झोपी जातो. साक्षीच्या करारात त्याला तसे करता येत नाही. हे घडले असे समोरचा सांगतो आहे. तेव्हा एक तर खोडून काढा, नाही तर आपली जबाबदारी कोणती ते बोला. 'फार सुंदर कादंबरी' असा शेरा मारून आपण साक्षीदाराला सन्मानाने पिंजऱ्यातून खाली उतरवितो, आणि खटला तसाच राहतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. हे तर खरे घडलेले आहे, यात कला कसली, असे म्हणून ही पुस्तके वाङ्मयाच्या वर्गाबाहेर ठेवणारेही होते. तेही बरोबर नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यात दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसविलेले आहेत. ही निवेदनाची योजना साधी नाही. मागे टाकलेल्या स्वतःला बोलते करावयाचे आणि शिकलेल्या स्वतःने ते निमूट ऐकावयाचे, हे ज्याला सुचले तो कसलेला लेखक आहे. बेबी कांबळे यांनी पुस्तकाला नाव दिले 'जिणं आमचं'. नावातच एकीच्या जागी सगळ्या उभ्या आहेत. आणि वये पाहा. आत्मचरित्र हे आयुष्याच्या संध्याकाळी लिहावयाचे, असा एक संकेत होता. 'उपरा' १९८० साली आले तेव्हा लक्ष्मण माने तिशीच्या आसपास होते. 'उचल्या' आले तेव्हा गायकवाड पस्तिशीत. या माणसांनी आयुष्य संपत आल्यावर हिशेब लिहिलेला नाही. अन्याय चालू असताना जबानी दिली आहे. म्हणूनच आत्मचरित्र हा जुना शब्द अपुरा पडला आणि आत्मकथन हा शब्द रूढ झाला. माझ्या मते या पुस्तकांचे लक्षण असे सांगता येईल: घटक कथेचे आणि करार साक्षीचा. त्यात प्रसंगांची निवड आहे, संवाद आहेत, वातावरण आहे. हे सारे कथेचे सामान. पण वाचकाकडून ती जे मागतात ते कथेचे मागणे नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्या परीक्षेला मी नाके मुरडीत नाही. टीपा लिहा, गुण मिळवा, ते तुमच्या कामाचे आहेत. त्याबरोबर एवढे करा. कोणतेही पुस्तक हाती आले की प्रथम विचारा, हे मला काय देऊ करते आणि माझ्याकडून काय मागते. मग विचारा, कोण सांगतो आहे, त्याला कोठून दिसते आणि काय दिसत नाही. मग, भांडण कोणाचे कोणाशी, आणि ही जागा काढली तर काय उरते. आणि घरी गेल्यावर एक अभ्यास करा. तुमच्या वडिलांना आडत्याने दिलेली हिशेबपट्टी मागून घ्या. वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम, असा सात-आठ ओळींचा तो कागद आहे. सबंध वर्षाचा पाऊस, रात्रीची राखण, बियाण्याची उधारी, बहिणीचे लांबलेले लग्न यातले त्यात काही नाही. तो त्याचा करारच नव्हे. त्या पट्टीची कथा लिहा. मग तीच हकीकत आजीकडून तोंडी ऐका आणि तिने काय ठेवले, काय गाळले, ते पाहा. कथानक आणि निवेदन यांवरची टीप तुम्हांला त्या रात्री पाठ करावी लागणार नाही.

आणि प्राध्यापकांना एक विनंती. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या आपल्या विद्यापीठाच्या चारही जिल्ह्यांतून वर्गात येणारी मुले रिकाम्या हातांनी येत नाहीत. जात्यावरची ओवी, जागरण, गोंधळ, भारूड, गेटवरचे भाषण, मोंढ्यातली बोली, यांतले दहावीस करार ती घरून शिकून आलेली असतात. त्यांची यादी फळ्यावर आधी लिहावी आणि पुस्तकातली यादी मग तिच्या शेजारी लिहावी. उस्मानशाही मिलचा भोंगा आता वाजत नाही. त्या मिलच्या गेटवर कोणी काय गायिले, कोणी कसे बोलले, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांचे बोलणे लिहून घेणे हाही वाङ्मयाचाच अभ्यास आहे, आणि लिहून घेताना ते कोणत्या प्रकारचे बोलणे आहे, हे ओळखावे लागेल. किस्सा म्हणून सांगितलेले साक्ष म्हणून नोंदवू नये, आणि साक्ष म्हणून सांगितलेले किस्सा म्हणून हसण्यावारी नेऊ नये.

मी बोललो तेही एका कराराखाली. व्याख्यानाकडे प्रबंधाचे पुरावे मागावयाचे नसतात; पण वक्त्याने विषय सोडू नये आणि वेळ पाळावी, एवढे मागण्याचा आपला हक्क आहे. पहिले मी सांभाळले आहे असे मला वाटते. दुसरे सांभाळण्यासाठी आता थांबतो.